कंठपट्टी

रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर रांग लागे. स्वयंसेवक प्रत्येकाच्या गळ्याभोवती बोटभर रुंदीची मऊ पट्टी बांधत. मग मंचावर ढोलकी, गिटार आणि हार्मोनियम सुरू होई आणि जमलेले लोक गाऊ लागत. नुसतं ऐकायला तिथे कुणी येत नसे.

ऋजुता पाथरीकर परभणीहून बदली होऊन कोल्हापुरात आली, त्याला पाच महिने झाले होते. जमिनीखालच्या नळांना श्रवणयंत्र लावून गळती शोधायची, हे तिचं काम. दिवसभर नळ ऐकायचे आणि घरी आल्यावर भिंती. एका रविवारी ती सहज तिकडे गेली. गाणार मात्र नव्हती. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, तेव्हापासून तिने चारचौघांत सूर लावला नव्हता.

पट्टी काय करते, हे तिला शेजारी उभ्या असलेल्या मुमताज मुलाणींनी सांगितलं. त्या एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. पट्टी गळ्यातली थरथर पकडते. मंचामागचं यंत्र त्या आवाजाची उलटी लहर सोडून मूळ आवाज पुसून टाकतं आणि तोच गळा सुरात बसवून खांबांवरच्या कर्ण्यांतून ऐकवतं. स्वतःचा आवाज तेवढा हाडांतून आपल्याला ऐकू येतो, तो कुणालाच पुसता येत नाही.

मग ऋजुतानेही पट्टी बांधून घेतली आणि भीत भीत गायली. डोक्यात तिला तिचा वाकडातिकडा आवाज ऐकू येत होता, पण कुणी वळून पाहिलं नाही. उलट मागून एक गृहस्थ म्हणाले, आवाज गोड आहे तुमचा. ते वेल्डिंगचं दुकान चालवणारे सर्जेराव चौगुले.

मग दर रविवारी तिघांची जागा ठरून गेली. गाणं झालं की मिसळ. ईदला मुमताजभाभींकडे शिरखुर्मा झाला. ऋजुताच्या गळक्या खिडकीला सर्जेरावांनी नवी चौकट बसवून दिली. ती खूश होती, पण मनात एक काटा होता. हे दोघे खरे गाणारे, आपण चोरून आत शिरलेलो. कळलं तर?

वार्षिक मेळाव्याला तीनशे लोक जमले होते. चौथं गाणं ऐन रंगात असताना मंचामागचं यंत्र तापून बंद पडलं.

तीनशे गळे एकदम उघडे पडले. लोक दचकले आणि एकेक आवाज गप्प झाला. ऋजुताने ओठ घट्ट मिटले. एकच माणूस गात राहिला. डोळे मिटलेले सर्जेराव. त्यांचा सूर पत्र्यावर पत्रा ओढावा तसा होता. शांतता जाणवल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि ते लाजेने लाल झाले.

मुमताजभाभींनी पुढची ओळ उचलली. तीस वर्षं गाडीत ओरडून बसलेला, घोगरा आवाज. गाताना त्या हसत होत्या.

ऋजुताला विश्वास बसेना. "भाभी, तुम्हीसुद्धा?"

"मला वाटायचं, हे यंत्र माझ्या एकटीसाठीच लावलंय," भाभी म्हणाल्या. "बाकीचे सगळे कसे सुरात."

आजूबाजूला हीच कबुली हसू होऊन पसरत गेली. प्रत्येकाला स्वतःचाच तेवढा बेसूर आवाज ऐकू येत आला होता. ऋजुताने श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली. आवाज अर्ध्या वाटेत फाटला, तरी ती थांबली नाही. सर्जेराव पुन्हा सुरू झाले. हळूहळू सगळा काठ गाऊ लागला, कुणी वर, कुणी खाली. ढोलकीवाल्याने मान डोलवली आणि लोकांच्या पावलांबरोबर ठेका धरला. शेवटची ओळ चारदा म्हटली गेली, कारण थांबायचं कुणालाच सुचेना.

टाळ्या ओसरल्या तेव्हा तंत्रज्ञ मंचावर आला. यंत्र थंड झालं होतं, दिवा हिरवा झाला होता. त्याने बटणावर बोट ठेवलं, लोकांकडे पाहिलं आणि तसंच धरून ठेवलं.

"सांगा," त्याने विचारलं, "चालू करू?"