भोकराखालचे मार्क

हेंद्रेपाड्यात कुणी विचारलं, की तुमचे मिस्टर काय करतात, तर नीलिमाची पंचाईत व्हायची. शेजारच्या बायकांचे नवरे अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये, नाहीतर केमिकल कंपनीत. पाळी, ओव्हरटाइम, बोनस, सगळं कसं सांगता येण्यासारखं. तिचा चंदर मात्र सिगार ओढून त्या सिगारला मार्क द्यायचा. एकदा तिने हे खरं खरं सांगून टाकलं, तेव्हा समोरची बाई म्हणाली, "आमचे हे तर फुकटच ओढतात गं," आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या.

पण काम खरंच होतं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये झामनदास सेठचं दुकान होतं. बाहेर कापडाचे तागे आणि आत, पडद्यामागे, सिगारच्या लाकडी पेट्या. क्युबाच्या, मनिलाच्या, आपल्या दिंडिगलच्याही. सेठ त्या मुंबईच्या हॉटेलांना पुरवायचा. कुठला माल अस्सल आणि कुठला नुसता सजवलेला, हे सांगायला त्याला जीभ हवी होती, आणि ती चंदरकडे होती. लग्नाआधी तो एका हॉटेलच्या बारमध्ये कामाला असताना तिथल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने त्याला ही विद्या दिली. घरी पेटी उघडली की तो डोळे मिटून सांगायचा, ही भाजक्या सुपारीची, हिच्यात गुळाची ढेप आहे, आणि ही म्हणजे पावसाळ्यानंतर उघडलेली लोखंडी ट्रंक. नीलिमा हुंगून बघायची, तर तिलाही ट्रंक सापडायची. यशू, त्यांची सात महिन्यांची लेक, पेटीचं झाकण बडवत बसायची. एक्याण्णव साल होतं, आणि घरात एवढ्यातेवढ्यावरून हसू यायचं.

मग खोकला आला. दिवाळीनंतर आला तो जाईना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, जीभ वाचवायची की छाती, ते नवरा-बायको मिळून ठरवा. ठरवण्यासारखं काही नव्हतंच. पण काम सोडलं तर सेठ दुसरा माणूस बघणार, आणि चंदरला येत होतं ते एवढंच. "एवढी पेटी होऊ दे," तो म्हणायचा. पेटीमागून पेटी येत राहिली. यशूला पाजताना नीलिमा त्याच्या छातीतली घरघर ऐकत पडायची.

एका दुपारी अंगणात त्याने सिगार पेटवली आणि दुसऱ्याच झुरक्याला वाकून खोकत सुटला. हातातली सिगार त्याने कशीबशी तिच्याकडे दिली. घरात यशू नुकती झोपली होती, धूर नको, म्हणून नीलिमाने ती सिगार अंगणाच्या टोकाला, भोकराच्या झाडाखालच्या सपाट दगडावर नेऊन ठेवली. त्याला पाणी दिलं, पाठ चोळली. तेवढ्यात यशू उठली, तिला घेतलं. सिगार ती विसरूनच गेली.

संध्याकाळी केर काढताना बघते, तर दगडावर राख. अखंड, पांढुरकी, जवळजवळ सिगारएवढीच लांब, आणि टोकाशी इवलंसं थोटूक.

एव्हाना तिला या धंद्यातली एक गोष्ट ठाऊक झाली होती. सिगार काही सिगारेटसारखी आपली आपण जळत जात नाही. कुणी ओढली नाही तर थोड्या वेळात निमूट विझते.

वारा असेल, ती मनाशी म्हणाली. ती देवभोळी नव्हती. भिंतीवर बुद्ध, आणि सासरी-माहेरी दोन्हीकडे दगडाला हात न जोडणारी माणसं. म्हणून दुसऱ्या दिवशी खात्री करायला तिने त्याच पेटीतली आणखी एक घेतली, ओठाला न लावता काडीवर टोक लाल होईस्तोवर धरली आणि दगडावर ठेवली. वारा पडलेला होता. सिगार शेवटपर्यंत गेली. मग तिने एक हलकी ठेवली, चंदरने नुसत्या वासावर नाक मुरडलेली. ती जराशी जळून विझली. एवढंच असतं तर ठीक होतं. पण ती दगडावर नव्हती. खाली गवतात पडली होती, नको म्हणून बाजूला सारावी तशी.

नीलिमाला भीती वाटायला हवी होती. तिला हसूच आलं.

चंदरला सांगितलं, तर तो म्हणाला, तुला जागरणं बाधलीत. मग स्वतः एक ठेवून पाहिली आणि दुसरी आणायला आत गेला.

त्यानंतर घरात नवीच रीत पडली. चंदर न पेटवलेल्या सिगारचा वास घ्यायचा, नीलिमा ती पेटवून दगडावर ठेवून यायची, आणि दोघं तिकडे पाठ करून पोरीशी खेळत बसायची. बघत बसावंसं वाटत नसे. कुणाच्या जेवणाकडे बघू नये, तसं. नंतर राख पाहून चंदर मार्क लिहायचा. शेवटपर्यंत गेली तर नऊ, अर्ध्यावर सोडली तर पाच, गवतात टाकली तर भोपळा. "आपला परीक्षक कडक आहे," तो म्हणायचा. एकदा एका फार महागड्या पेटीतली सिगार गवतात गेली. सेठने खोदून चौकशी केली, तर आख्खा माल नकली निघाला. सेठ खूश. इकडे खोकला उतरत उतरत गेला, आणि होळीच्या सुमाराला चंदर यशूला खांद्यावर बसवून नदीपर्यंत जाऊन यायला लागला.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरून ठमी मोळी विकायला यायची. तिने एकदा दगडावरची राख पाहिली आणि डोक्यावरची मोळी तशीच धरून उभी राहिली. हा राखणदाराचा दगड, ती म्हणाली. पूर्वी आमची माणसं जाता-येता त्याला विडी ठेवायची, आता इकडून कुणी जात नाही. नीलिमाने विचारलं, मग त्याला परत काय द्यावं लागतं?

"तो काय मागत नाय," ठमी म्हणाली. "आवडलं तर ऱ्हातो."

पुढे कुणीतरी सेठच्या कानावर घातलं, की चंदरने ओढणं सोडलंय. रविवारी दुपारी सेठ रिक्षातून उतरला, काखेत पेटी घेऊन. अंगणातल्या खुर्चीवर बसला आणि चहा नको म्हणाला. झामनदास सेठ चहा नको म्हणतो, तेव्हाच नीलिमाने ओळखलं, की काहीतरी बिनसलंय.

"चंदर, तू तो पीता नहीं," सेठ म्हणाला. "फिर मार्क कौन देता है?"

सेठने एक सिगार स्वतःसाठी पेटवली, दुसरी चंदरपुढे धरली. माझ्यासमोर ओढ आणि मार्क दे, नाहीतर उद्यापासून दुकानात येऊ नकोस. एवढं सांगून तो वाट बघत राहिला.

चंदरने हात पुढे केला. सिगार घेतली. काडीसाठी खिसा चाचपला.

नीलिमाने त्याच्या बोटांतून ती काढून घेतली.

"सेठजी, ये नहीं पिएंगे," ती म्हणाली. "पीनेवाला उधर है."

ती भोकराखाली गेली, टोक लाल केलं, सिगार दगडावर ठेवली, परत आली. या वेळी कुणी पाठ केली नाही.

टोक मंदावलं. विझलीच, असं वाटलं.

मग ते उजळलं.

सावकाश उजळलं आणि सावकाश मंदावलं. धुराची रेघ वर जायची, उंच माणसाच्या तोंडापर्यंत पोचून नाहीशी व्हायची. थोड्या वेळाने तिथूनच एक सैल, निळा लोट सुटायचा.

भोकराचं एक पान हलत नव्हतं.

सेठची सिगार त्याच्याच बोटांत विझून गेली होती. तो उठला. बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी पुन्हा खुर्चीवर बसला.

शेवटपर्यंत गेली. राख अखंड.

"नऊ," चंदर हळूच म्हणाला.

"साडेनऊ लिख," सेठ म्हणाला, आणि त्याने चहा मागितला.

निघताना त्याने चंदरच्या पाठीवर हात ठेवला. पेट्या इथेच येत जातील, तू फक्त नाक सांभाळ, बाकी मला ठाऊक करून घ्यायचं नाही, म्हणाला. बूट त्याने रिक्षात बसल्यावरच घातले. रिक्षा वळणाआड गेली आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू दोघांनाही आवरेना. चंदर पोट धरून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि त्याला एकदाही ठसका लागला नाही. नीलिमाला रडू आलं ते त्याचं.

त्या गलक्याने यशू उठली. नीलिमाने तिला आणून अंगणात सोडलं, तशी ती रांगत रांगत भोकराकडे गेली. कपबशा उचलून नीलिमा वळली, तर पोर झाडाखाली उभी. कशाला न धरता उभी. आणि मग चालायला लागली.

"अगं बघ, बघ," चंदर म्हणाला आणि गुडघ्यांवर बसून त्याने हात पसरले. यशूची पहिलीच पावलं ती, पण न डगमगता, एकसारखी पडत होती. ती खिदळत होती, बापाकडे नाही, वर बघून. एक हात डोक्यावर उंच गेलेला.

चंदरने तिला उचलून छातीशी धरलं, तरी तो हात क्षणभर मागेच राहिला. मग सुटला. नीलिमाने तो आपल्या हातात घेतला. मूठ घट्ट होती, पण पुरती मिटलेली नव्हती. मधे एका जाड बोटाएवढी जागा होती, आणि ती कोमट होती.