शिवलेलं पोतं

मांजराची पिल्लं तात्पुरती सांभाळणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या. घर लख्ख, बोलणं नेमकं. "हात लावायला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "फार बुजरी आहे. यायचं तेव्हा तिची ती येईल." पिल्लू खोक्याच्या कोपऱ्याला चिकटून बसलं होतं. करडं, शेपटीचं टोक पांढरं. आमच्या मनीचं होतं तसंच.

मनी पोटुशी असताना मी आईच्या आजारपणासाठी माहेरी गेले होते. परत आले तर ती नव्हती. "गेली असेल कुठेतरी. मांजरच ते," आमचे हे म्हणाले, आणि मी खुळ्यासारखी गल्लोगल्ली वाटी वाजवत हिंडले.

"हिच्या अंगाखाली काय आहे?" मी बाईंना विचारलं.

"ज्यात सापडली ते पोतं. धुऊन ठेवलंय. त्याशिवाय झोपतच नाही ती. तळ्यात टाकलं होतं कुणीतरी. आई आणि भावंडं आतच गेली."

बाईंनी पोतं कडेने कापलं होतं. तोंड तसंच शिवलेलं होतं. सुतळीचे टाके, दर तिसरा टाका उलटा फिरवलेला.

ह्यांचा गाद्यांचा कारखाना आहे. असा टाका हेच घालतात, दुसरं कुणी नाही. लग्न झाल्यापासून मी त्याच टाक्यांवर झोपत आले आहे. मला रडू आलं नाही, राग आला. तो इतका थंड होता की बाईंशी मी हसून बोलले आणि पिल्लू पोत्यासकट घरी आणलं. ह्यांच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं, एवढंच मनात होतं.

"कुठून आणलीस ही ब्याद?" हे म्हणाले. नजर पोत्यावर.

"ओळखीचं वाटतंय का काही?"

"मला काय ओळखायचंय त्यात?"

पिल्लू ह्यांच्या पलंगाखाली शिरलं ते तिथेच राहिलं. मी माझं अंथरूण दुसऱ्या खोलीत घातलं.

ह्यांची गादी ओली निघाली तेव्हा मीही आधी पिल्लावरच संशय घेतला. वास घेऊन पाहिला. वास शेवाळ्याचा होता. चादर कोरडी, ओल आतून आलेली. गादी उन्हात टाकली, खडखडीत वाळली, आणि पुन्हा तेच. मग ह्यांना गादीतून आवाज ऐकू येऊ लागले. मला काही ऐकू येत नव्हतं. पण हात ठेवला की आत काहीतरी सरकायचं.

एका दुपारी हे जेवायला आले आणि ताटावर न बसता गादी उसवू लागले. आत गार, ओला कापूस. बाकी काही नाही. ह्यांनी खांद्यापर्यंत हात घातला.

"किती आहेत गं आत?"

"तुम्हालाच ठाऊक. पोतं शिवलं कुणी?"

पिल्लू पलंगाखालून बघत होतं.

"अहो, एकदा खरं बोला. ही गादी आत्ता जाळून टाकू आपण."

"मांजरांपायी नवऱ्याला जाब विचारतेस? मी काही केलेलं नाही."

बरं, म्हटलं. मी भांडी घासायला गेले.

आतून हाक आली. नुसतंच "अगं".

मी नळ मोठा सोडला.

परत आले तर खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला आतून कडी. चपला दाराशी.

गादी शिवलेली होती. टाके बारीक, घट्ट, आणि सुतळीचं एकही टोक बाहेर नव्हतं.

मी पलंगावर टेकले. गादी कोमट लागली. पिल्लू वर चढलं, माझ्या मांडीत बसलं आणि आणल्यापासून पहिल्यांदाच घुरघुरलं.

फोन वाजला. कारखान्यातला कारागीर होता.

"वहिनी, शेठ आहेत का घरी?"

"आहेत. पडलेत जरा. उठवू का?"

माझ्या खाली काहीतरी एकदाच, जोरात हललं.

"नको नको, झोपू द्या त्यांना."

"बरं," मी म्हणाले, आणि पिल्लू दचकू नये म्हणून फोन अलगद ठेवला.