भिंगरी जिथे थांबली

पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत टेबलावर तीन ड्रोन मांडलेले होते आणि हणमंत शेडगे त्यांतला एकेक तळहातावर घेऊन, डोळे मिटून, जोखून बघत होते. मंडईत कलिंगड घेणारा माणूस घेतो तसं. समोर डॉ. आश्लेषा टिपणीस उभ्या होत्या. तिन्ही ड्रोनची दृष्टी त्यांनीच घडवलेली. गिऱ्हाईक डोळा सोडून वजन बघतं, याची त्यांना आता सवय झाली होती.

शेडगे म्हणजे भोर भागातले नाना. पोटापाण्याला रंगांचं दुकान, आणि उरलेल्या वेळात कड्यांवर अडकलेल्यांना सोडवणाऱ्या हौशी बचाव गटाचे प्रमुख. दोर टाकण्याआधी कडा वरून कसा दिसतो, कपारी कुठे, भरवशाचं झाड कुठे, याचा झटपट फोटो मिळावा, एवढ्यासाठी त्यांना ड्रोन हवा होता.

कडे चढणाऱ्यांची एक स्वतंत्र जात असते. ही माणसं टूथब्रशची दांडी अर्धी कापतात, बिस्किटांच्या पुड्याचा कागद घरीच काढून ठेवतात आणि चहात साखर कमी का म्हणून विचारलं तर "वर न्यावी लागते" असं उत्तर देतात. अशा माणसाला ड्रोन निवडायला सांगितलं, तेव्हाच निकाल लागला होता म्हणायचा.

"हा गरुड सगळ्यात खरा," आश्लेषा म्हणाल्या. "समोर जे आहे तेच दाखवतो."

"आन् पेटी?"

"नऊ किलो. शिवाय उडवायला दर वेळी परवानगी."

"ऱ्हाऊ द्या मग. पेटी न्यायला एक माणूस, त्या माणसाची भाकरी न्यायला दुसरा माणूस."

मधला 'ससाणा' त्यांनी उचलून लगेच ठेवला, त्यालाही परवाना लागत होता. तिसरी 'भिंगरी' मुठीत मावत होती. परवाना नको, पेटी नको. प्रयोगशाळेकडे गच्चीपुरती परवानगी होतीच; तिथे जाऊन आश्लेषांनी तिन्ही ड्रोनना सिंहगडाचा फोटो घ्यायला लावला. ऑक्टोबरची दुपार, हवेत धुरळा. गरुडाने धुरळा आणि त्यामागे गडाचा पुसट ढिगारा दाखवला. भिंगरी वर गेली, पापणी लवते न लवते तोच फोटो काढून खाली आली. तिच्या फोटोत गडाची एकेक घळ कोरल्यासारखी स्पष्ट होती.

"अगं आई गं! हिनं तर धुरळा खाल्ला की!"

आश्लेषांना स्तुती आवडली. त्यांनी समजावून सांगितलं. भिंगरीचा डोळा एवढासा, तो शंभरातले जेमतेम पाच ठिपके टिपतो. रांगोळीचे नुसते ठिपके असावेत तसं. रेघा येतात सामाईक दृश्यसाठ्यातून. आजवर जगातल्या सगळ्या ड्रोननी त्या जागेचे जे फोटो काढले, ते तिथे जमा आहेत. ऋतू, वेळ, ऊन यांचा मेळ घालून भिंगरी आपलं चित्र त्यातून पुरं करते. या क्रियेला त्या 'स्मृतिपूरण' म्हणत.

"म्हणजे निम्मं आठवून काढती?"

"निम्म्याहून बरंच जास्त. दरड कोसळली, पूर आला, असा मोठा बदल असला तर ती मानते. बारीकसारीक उपरं काही दिसलं, पर्यटक, गाड्या, भज्यांच्या टपऱ्या, तर ते काढून टाकते आणि मागचा डोंगर भरते. लोकांना रिकामा डोंगर आवडतो, नाना."

"कुणाला न्हाई आवडत!" नाना हसले आणि भिंगरी खिशात टाकून गेले.

त्या दिवशी कुणी कुणाशी खोटं बोललं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. नानांना डोंगराचे फोटो हवे होते आणि भिंगरी डोंगराचे फोटो काढणारी होती. पुढे काही महिने तिने ते उत्तम काढले. गटातली पोरं तिच्यावर खूश होती.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका शनिवारी प्रभुदेसाई सर खर्डीच्या कड्यावर गेले आणि परत आले नाहीत. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय सदुसष्ट. कंदीलपुष्पांच्या मागे सह्याद्रीभर हिंडलेला माणूस. नानांच्या हातात पहिला दोर त्यांनीच दिला होता आणि गाठ चुकली म्हणून पहिली थप्पडही. रविवारी पहाटे नाना माणसं घेऊन माथ्यावर पोहोचले. कडा पोटात खोबणीसारखा आत गेलेला, वरून वाकलं तरी मधल्या कपारी दिसत नाहीत. सॅकमध्ये भिंगरी होतीच. रविवारभर, सोमवारभर तिने कड्याचा इंच न् इंच टिपला. सगळ्या कपारी स्वच्छ, रिकाम्या. सर घसरले नसणार, वाट चुकून कोकणाच्या अंगाला उतरले असणार, असं ठरलं आणि सगळी माणसं खाली जंगलात पाठवली गेली.

मंगळवारी सकाळी नानांनी आश्लेषांना फोन केला तो बॅटऱ्यांसाठी.

"मॅडम, जादा बॅटऱ्या हायेत का? दोन दिवस उडवतोय, संपत आल्यात."

"दोन दिवस? कसले फोटो काढताय एवढे?"

"आमचे सर हरवलेत. त्यांना शोधतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाना," आश्लेषांचा आवाज बारीक झाला होता, "तिला माणूस दिसत नाही. दिसला तर ती पुसते. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"तुम्ही पर्यटक म्हणाला होता!"

"तिला काय कळतंय पर्यटक कोण आणि सर कोण!"

आश्लेषा दुपारच्या आत माथ्यावर पोहोचल्या. गरुड मागवला होता, पण तो एका कामासाठी मुंबईला गेलेला, तिथून यायचा, परवानगीसह दुसऱ्या दिवशी. नाना पठारावर एका दगडाला टेकून बसले होते. दोन दिवसांची दाढी, डोळे लाल. त्यांनी सरळ सांगितलं, "ते साठ्याचं बंद करा की. नुसते ठिपके बघू."

"माणूस एका ठिपक्यात मावतो. तो ठिपका सर आहेत, शेळी आहे की वाळकं झुडूप, मीसुद्धा सांगू शकत नाही."

"मग तुम्ही आलात कशाला?"

राग बरोबरच होता. आश्लेषांनी तो ऐकून घेतला आणि लॅपटॉप उघडला. फोटो त्यांनी पाहिलेच नाहीत. प्रत्येक फोटोला भिंगरीला किती वेळ लागला, एवढेच आकडे त्या बघत होत्या.

"ओळखीची जागा असली की ती क्षणात फोटो काढते," त्या म्हणाल्या. "उपरं काही दिसलं तर थांबते. ते पुसायचं तर त्याच्यामागचा खडक कसा आहे, हे तिला चार बाजूंनी बघून घ्यावं लागतं. जिथे थांबली, तिथे काहीतरी होतं."

सगळ्या कड्यात ती एकाच जागी थांबली होती. मधल्या एका कपारीवर, रविवारी दुपारी, चांगली सहा-सात सेकंद. नाना ताडकन उठले. मग आश्लेषांनी पुढचे आकडे दाखवले. त्याच कपारीवर संध्याकाळी चार सेकंद. सोमवारी सकाळी दोन. दुपारी एक. आणि काल शेवटच्या फेरीत पापणी लवायच्या आत.

"म्हंजे हुते, आन् आता न्हाईत," नाना म्हणाले. "पडले खाली."

"किंवा तिथेच आहेत आणि हिला त्यांची सवय झाली. तिने पुसलेला प्रत्येक फोटोसुद्धा साठ्यात जातो, नाना. पुढच्या वेळी 'इथे कुणी नाही' याची तिला जास्त खात्री असते, म्हणून कमी वेळ लागतो. जितकं तुम्ही शोधलंत, तितकं..."

नानांनी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोन दिवस. वर कळसा आपल्याच हातांनी झाकत.

आता प्रश्न सरळ होता. जंगलातली माणसं वर बोलावून त्या कपारीत उतरवायची, तर उरलेलं ऊन त्यातच संपणार. सर जंगलात पडले असतील तर त्यांची ती रात्र शेवटची ठरणार. एकच जागा निवडता येत होती.

"करून बघू," आश्लेषा म्हणाल्या. "तुम्ही त्या दगडावर बसा. अजिबात हलू नका."

नाना नारिंगी जाकीट घालून पठाराच्या टोकाशी बसले. भिंगरी वर गेली आणि त्यांच्या डोक्यावर थांबली, दोन-चार वेळा किंचित इकडेतिकडे सरकली आणि खाली आली. पुन्हा वर. पुन्हा. आश्लेषांनी पुढे केलेल्या पडद्यावर दगड आला, उन्हातला, शेवाळाच्या डागांसकट. दगडावर कुणी नव्हतं.

"आयला," नाना म्हणाले, "मी हितंच हाय की!" त्यांनी पडद्यावरच्या दगडावर बोट ठेवलं आणि पटकन काढून घेतलं.

आकडे दर फेरीला उतरत गेले, थोडे थोडे. मग आश्लेषांनी त्यांना उठवलं आणि रिकाम्या दगडावर भिंगरी पाठवली. वेळ एकदम शून्यावर आला.

"बघा. माणूस उठून गेला तर आकडा धाडकन पडतो, पुसायला काही उरतच नाही. बसून राहिला तर हळूहळू उतरतो. सरांच्या कपारीतला हळूहळू उतरलाय. ते तिथून हललेले नाहीत."

नानांनी मान हलवली. "इथंच तुमचा हिशोब चुकतोय मॅडम. ती कपार मला पाठ हाय. वळसा घातला की पाण्याचं टाकं हाय, टाक्यावरनं धनगराची वाट जाती, माथ्यावरनं तिनं जायचं तर दिवस मोडतो. रोज सांजच्याला म्हशी येत्यात पाण्याला. पाय मोडला आसला तरी माझा सर सरपटत गेला आसता. रविवारीच सापडला आसता. त्यो काय हातावर हात ठिऊन बसणारा गडी हाय व्हय?"

तो माणूस आश्लेषा ओळखत नव्हत्या, आकडे ओळखत होत्या.

"का बसले, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण बसलेत. माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणायला मला तोंड नाही. आकड्यांवर ठेवा."

नानांनी एकदा दरीकडे बघितलं. मग त्यांनी वॉकी-टॉकी तोंडाशी धरला आणि जंगलातल्या सगळ्यांना वर बोलावलं. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं आणि भीती वाटत होती. दुसऱ्याला उतरवायचं त्यांनी साफ नाकारलं. पहिला दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

आश्लेषा माथ्यावर दुसरा वॉकी-टॉकी घेऊन बसल्या. दोर सुटत होता, थांबत होता, पुन्हा सुटत होता. ऊन कलंडलं. बराच वेळ खरखर ऐकू येत राहिली आणि मग नानांचा आवाज आला. ते हसत होते की रडत होते, सांगता येत नव्हतं.

"हायेत! मॅडम, हायेत! जिते हायेत!"

आश्लेषांनी डोळे पुसले. वरच्या पोरांनी आरोळ्या ठोकल्या. स्ट्रेचर खाली सोडायची धावपळ सुरू झाली. सरांचा घोटा मोडला होता, पाय काळानिळा पडून मांडीपर्यंत सुजला होता, ओठ फुटले होते. नाना त्यांना चमच्याचमच्याने पाणी पाजत होते. वॉकी-टॉकी चालूच होता, त्यातून दोघांचं बोलणं वर ऐकू येत होतं. सरांचा आवाज खोल गेला होता, पण वर्गात शिकवल्यासारखं तोडून तोडून बोलायची सवय सुटली नव्हती.

"रविवारी दुपारी मी टाक्याकडेच निघालो होतो रे, सरपटत. दहा-बारा हात राहिले असतील. तेवढ्यात तुझं ते यंत्र आलं. मी हात हलवला. ते बरोबर माझ्या डोक्यावर थांबलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग गेलं."

"सर, बोलू नका. पाणी घ्या."

"ऐक तर. म्हटलं, दिसलो! आता हलायचं नाही. मीच तुम्हाला शिकवलंय ना, एकदा दिसलेल्या माणसाने जागा सोडायची नाही, शोधणाऱ्यांची पंचाईत होते. संध्याकाळी म्हशींच्या घंटा ऐकू आल्या. हाक मारायला घशात आवाज नव्हता. वाटलं, जावं पुढे. पण म्हटलं नको, पोरं इथेच येतील. ते यंत्र पुन्हा आलं, पुन्हा थांबलं. मी जागचा हललो नाही, हनम्या."

नानांनी पुढचा चमचा भरला.

"पाय जाणार बहुतेक," सर म्हणाले. तक्रार नव्हती, निदान होतं. "पहिल्याच दिवशी दिसलो होतो ना मी? मग एवढा उशीर का केलात रे?"

नानांनी वॉकी-टॉकी सरांच्या कानाशी धरला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सांगा."

आश्लेषांनी बटण दाबलं. खोटं सांगता आलं असतं. परवानगी मिळाली नाही, वारा होता, काहीही.

"सर, ते यंत्र मी बनवलंय," त्या म्हणाल्या. "ते तुमच्या डोक्यावर थांबलं होतं, ते तुम्ही तिथे नसतात तर खडक कसा दिसला असता, एवढं नीट बघून घ्यायला."

खालून खरखर आली. मग सरांनी नानांना पाणी मागितलं.