खापऱ्या डोंगराची पाटी

"एच मोठा पायजे," मी खालून म्हणाले, आणि शिडीवरचा माणूस असा दचकला की निळ्या रंगाचा थेंब थेट माझ्या ओढणीवर पडला.

ओढणी नवीकोरी होती. मी भांडणारच होते... पण त्यानं वाकून खाली पाहिलं आणि मी ओढणी विसरले.

"कावून मोठा? डोंगर मोठा हाय, तेवढं बास न्हाई का?"

"खापऱ्या हिल हे त्याचं नाव हाय. नावाला मान द्यावा लागतो. नुसतं कुठलं तरी टेकाड असतं तर चाललं असतं लहान."

"आन् तुमचं नाव केवढं काढावं?"

"माझ्या नावाची पाटी न्हाई लावायची."

"सध्या न्हाई," तो म्हणाला आणि गुपचूप अक्षर पुसायला लागला.

तो अभिमन्यू, युसूफ वडगावचा पेंटर. माझ्या भावाबरोबर, अजिनाथबरोबर, त्यानं तीन हंगाम ऊस तोडला होता. नाव घरात ऐकलेलं होतं, माणूस आज दिसला. हातावरचे जुने वण दाखवून म्हणाला, "परत कोयता धरायचा न्हाई म्हणून ब्रश धरला."

डोंगरवाटेवर पाहुण्यांसाठी मराठी-इंग्रजी पाट्या लावायची हौस अर्जुनरावांची. गाव त्यांच्या शब्दावर चालतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, म्हणून इंग्रजी त्यांनी माझ्यावर सोपवलं. "पाट्या झ्याक झाल्या तर वाचनालयात नोकरी तुझी," म्हणाले.

त्या नोकरीवर माझं सगळं अडलं होतं. ऊसतोडीत कोयता म्हणजे आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी. वहिनी बाळंतीण, त्यामुळे अजिनाथचा कोयता यंदा अर्धा. नोकरी लागली तर आई मला ठेवून घेणार होती. नाही लागली, तर त्याची जोडी पुरी करायला शुक्रवारी कारखान्यावर जाणाऱ्या ट्रकात मी बसायचं, आणि परीक्षा राहिली ती राहिलीच.

चार दिवस आम्ही शब्दांवरून वाद घातला. बालाघाटला रेंज म्हणायचं की हिल्स? पलीकडच्या उंचवट्याला काय? अभिमन्यू एकच गोष्ट तीन-तीनदा विचारायचा. त्याला कळलेली असायची, हे मला कळायचं. तरी मी तीनदा सांगायचे.

गुरुवारी दुपारी शेवटची पाटी राहिली होती, गावाच्या वळणावरची. 'खापऱ्या' लिहून झालं, पुढं खडूनं 'हिल' आखलेलं, तेवढ्यात अर्जुनराव पहिल्यांदाच पाट्या बघायला आले.

"हिल? शेजारच्या गावचं टेकाड हिल, आन् आपला डोंगर बी हिलच? माउंटन लिव्हा."

अभिमन्यूचा ब्रश थांबला. तो हळूच म्हणाला, "लिव्हू द्या की... एका शब्दावर तुमची नोकरी हाय."

मला का कळत नव्हतं? पण त्या डोंगरावर मी सरपणासाठी वीस मिनिटांत चढते. माउंटन मी पुस्तकात वाचलाय, खापऱ्या माझ्या पायांना ठाऊक आहे.

"काका, हिलच बरोबर हाय."

"मग वाचनालय इसर. पेंटर, तू लिव्ह रे."

अभिमन्यूनं शांतपणे डब्याचं झाकण लावलं. "मालक, ह्या सांगतील तेच लिव्हीन. न्हाई तर दुसरा पेंटर बघा."

अर्जुनराव तरातरा निघून गेले. पाटी अर्धीच राहिली. मी त्याच्यावरच चिडले, "तुमी कावून काम घालवलं?" त्यानं ब्रश पुसून खिशात घातला. रडू येत होतं म्हणून मी घरी पळाले.

शुक्रवारी सकाळी ट्रक वळणावर उभा होता. गाठोडं घेऊन मी मागं गेले, तर वर अजिनाथशेजारी अभिमन्यू बसलेला!

"तू घरी जा," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू'. "अजिनाथसंगं मी चाललोय. तुझ्या आईला इचारलंय."

"कोयता धरणार न्हाई म्हणलता ना?"

"म्हणलतो."

"मग कावून?"

त्यानं अजिनाथकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "तू परीक्षा दे," म्हणाला आणि खिशातला ब्रश माझ्या हातात ठेवला. "पाडव्याला येतो. तवर..."

ट्रक हलला. 'तवर' काय? सहा महिने मी त्या 'तवर'वर काढायचे? मी गाठोडं टाकलं आणि धावत सुटले.

"अभिमन्यू! मला तू आवडतोस! लगीन करीन तर तुझ्यासंगंच!"

ट्रकातली चाळीस माणसं वळून बघायला लागली. मग बायका खो खो हसायला लागल्या. अजिनाथनं टॉवेलात तोंड लपवलं. अभिमन्यू असा ताडकन उठला की भांड्यांचं पोतं कलंडलं.

"मी बी!" तो ओरडला. "मी बी, मनिषा!" धुरळ्यात दिसेनासा होईपर्यंत तो उभाच होता.

मी परत वळणावर आले. शिडी तिथंच होती, डबाही. वर चढले आणि त्याचा ब्रश निळ्या रंगात बुडवला. समोरच्या ओट्यावरून अर्जुनराव बघत होते. मी त्यांच्या देखत 'हिल' लिहिलं. ते उठून आत गेले.

पाडव्याला ट्रक परत येईल तेव्हा त्याला पहिली हीच पाटी दिसेल. एच चांगलाच मोठा काढलाय, जरा वाकडा आलाय. तो हसेल. हसू दे.