पीचच्या बागेतला दिवा

दोन लाकडं अजून टाका रे, आणि फोन खिशात ठेवा. उद्या तुमच्यातले निम्मे मरणार आहेत, आज जरा म्हाताऱ्याचं ऐका. हसा, हसा. पहिल्या वर्षी मीही असाच हसलो होतो.

व्हर्जिल स्टॅम्परला तुमच्यापैकी कुणी पाहिलं नसेल. यादवी युद्धातल्या टर्नर्स मिलच्या लढाईचा हा खेळ आपण दरवर्षी करतो ना, तो त्यानेच उभा केला. तोंडाचा फाटका, पण मनाचा साफ. शेकोटीपाशी त्या वेळच्या शिपायांच्या आणि गावकऱ्यांच्या आठवणी म्हणून दाखवायच्या, ही रीतही त्याचीच. मघाशी तळघरात लपलेल्या ल्युसिंडाची ऐकलीत, तशी व्हर्जिलची एक ठरलेली होती, ओहायोच्या एका जखमी शिपायाची.

तो शिपाई म्हणतो, "पाय मोडून मी पीचच्या बागेत पडलो होतो. शेजारचा पोरगा अंधार पडेपर्यंत पाणी मागत होता. मग एकजण पांढरा, ज्योत नसलेला दिवा घेऊन आला. त्याने पोराला परवलीचा शब्द विचारला. पोराला तो ठाऊक नव्हता. माणूस निघून गेला."

एवढं म्हणून झालं की व्हर्जिल शेकोटीत थुंकायचा. घोटभर पाण्यासाठी शब्द मागणारा तो हरामखोर मला एकदा भेटला पाहिजे, म्हणायचा. ज्योत नसलेल्या दिव्याचं कुणी मनावर घेत नसे. तापात माणसाला काहीही दिसतं.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार होता, नऊ वर्षांपूर्वीचा. चंद्र नव्हता. दिवस मावळल्यावर बिगुल वाजलं, मेलेले सगळे उठले आणि कपडे झटकत बीन्सच्या पातेल्याकडे धावले. एखादा 'मेलेला' उन्हात पडल्या पडल्या खरंच झोपून जातो, म्हणून जेवणाआधी मैदानावर चक्कर मारायचं काम व्हर्जिलकडे असे. बॅटरी घेऊन तो निघाला. माझ्यासाठी बीन्स ठेवा, एवढं बोलून गेला.

आता ते शब्दाचं सांगतो. तुम्हाला सकाळी बजावलंय ना, हेलिकॉप्टर. मैदानावर सगळेच "मेलो", "पाणी" म्हणून ओरडतात, मग खरं कोण मरतंय ते कळणार कसं? म्हणून खरंच लागलं तर त्या काळच्या शिपायाच्या तोंडी येणार नाही असा शब्द ओरडायचा. हा नियमही व्हर्जिलचाच. आदल्या वर्षी एका टग्याने उगाच विव्हळून ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली होती. तेव्हापासून शब्दाशिवाय तो कुणाला दाद देत नसे.

तर पीचच्या बागेत त्याला "पाणी" असं ऐकू आलं. झाडाखाली अठरा-एकोणीसचा एक पोरगा, दोन्ही हात पोटावर. कपडा निळा की करडा, म्हणजे उत्तरेचा की दक्षिणेचा, चिखलामुळे कळेना. व्हर्जिलने तोंडावर बॅटरी मारली.

"छान करतोस रे. पण लढाई संपली. चल, मक्याचा पाव गार होतोय."

"पाणी, साहेब."

व्हर्जिलने कमरेची बाटली हलवून पाहिली. रिकामी. दिवसभरात त्यानेच संपवली होती. तंबूत हवं तेवढं आहे, उठून ये, म्हणाला.

"उठता येत नाही."

"मग शब्द सांग. आत्ता ॲम्ब्युलन्स बोलावतो."

पोराने कोरडे ओठ चाटले. मग म्हणाला, "शब्द... मला कुणी सांगितला नाही, साहेब."

व्हर्जिल चिडला. ही नवी पोरं सकाळी ऐकतच नाहीत, मग पड इथेच, असं म्हणून चालू लागला.

थोडा पुढे गेला. मागे आवाज नाही. विव्हळणं नाही... काहीच नाही. तो थांबला. वळला. बॅटरी त्या हातांवर धरली.

नाटकातल्या रक्ताला गोडसर वास येतो. याला नव्हता.

फोनला रेंज नाही. अंधारात पोरगा घाबरेल म्हणून त्याने बॅटरी त्याच्या उशाशी ठेवली. पाणी घेऊन आलोच, म्हणाला. उठताना उजेड शेजारच्या झाडाखाली गेला. तिथे आणखी एकजण टेकून बसला होता. पाय भलतीकडेच वळलेला. नुसता... व्हर्जिलकडे बघत होता.

तो धावत आला आणि 'बागेत, पाणी' एवढंच बोलला; बाकीचं सगळं त्याने नंतर सांगितलं. आम्ही पाणी घेऊन पळालो. झाडन् झाड पाहिलं. कुणी नाही. गवतसुद्धा दबलेलं नाही. तळावर सगळी माणसं हजर. बॅटरी तेवढी सापडली नाही.

व्हर्जिल अंधारात उभा राहून हाका मारत होता. "शब्द नको, बाळा. शब्द नको रे मला."

...

पुढच्या वर्षी तो आठवण म्हणायला उभा राहिला. 'पांढरा, ज्योत नसलेला' इथपर्यंत आला आणि खाली बसला. पुन्हा कधी म्हणाला नाही. मात्र मरेपर्यंत दरवर्षी खेळाच्या रात्री तो बागेत पाण्याचा भरलेला जग ठेवून यायचा. सकाळी जग तेवढाच भरलेला असायचा. ते बघवायचं नाही. आता जग मी ठेवतो. तोही तसाच परत येतो.

चला, कंदील विझवा. फोनही.

तिकडे बघा. बागेच्या कडेला, जमिनीलगत, तो पांढरा उजेड. आपल्यातलं कुणी गेलंय का तिकडे? नाही ना, सगळे इथेच आहात.

उठू नका. मी जाऊन पाहिलंय, जवळ गेलं की दिसत नाही.

त्या बॅटरीत दोन साधे सेल होते. मीच दुकानातून आणून दिले होते. एक रात्रसुद्धा टिकले नसते.