दुसरा दाब

वारा सुटला की कोलांटी बंद ठेवायची, हा पार्कचा नियम. उंच खांबावर एक नारिंगी कापडी पिशवी बांधलेली होती. ती फुगून आडवी झाली की राइड चालवणारे पॅनेलकाका लाल बटण दाबायचे, गेटवरची मुलगी साखळी लावायची आणि रांगेतले लोक तिच्याकडे असं बघायचे, जणू हा वारा तिनंच सकाळी डब्यात भरून आणलाय.

पार्कात तिला सगळे 'दोनदा' म्हणत. कोलांटी ही पार्कातली सगळ्यात मोठी राइड. चोवीस माणसांची गाडी वर चढायची, एकदा पूर्ण उलटी व्हायची आणि किंचाळत परत यायची. गाडी सुटण्याआधी प्रत्येकाच्या मांडीवर आलेला लोखंडी बार दाबून बघणं हे दोनदाचं काम. बाकीच्या गेटवरच्या मुली एकदा दाबून अंगठा वर करायच्या. ही शेवटच्या रांगेपर्यंत जायची, पुन्हा पुढे यायची आणि तिथून परत येताना सगळे बार दुसऱ्यांदा दाबायची. घरीही तिचं तसंच. गॅसचं बटण दोनदा, कडी दोनदा. दोष तिचा नव्हता, फोनवर तिची आई "जेवलीस का?" हेही दोनदाच विचारायची.

त्या मंगळवारी पिशवी आडवी झाली आणि दहा मिनिटांत रांग पांगली. एकच जण राहिला. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. कठड्याला टेकून शांतपणे झाडांकडे बघत होता.

"तुम्ही नाही गेलात?" तिनं विचारलं.

"नऊ मिनिटांत सुरू होईल."

"वाऱ्यानं सांगितलं?"

"झाडांनी. पलीकडची थांबली आहेत. आता ही थांबतील." मग जरा घुटमळत तो म्हणाला, "तुमच्या पार्कबद्दल माझी थोडी मतं आहेत."

"सगळ्यांची असतात. मागे सूचनापेटी आहे."

"तिला तळ नाही. मी हात घालून बघितलाय. खाली कचऱ्याचा डबा आहे."

तिला हसू आलं. ते तिनं मान वळवून पिशवीकडे बघत जिरवलं. पण तो सुरू झाला होता. फलकावर 'प्रतीक्षा वीस मिनिटं' असं गेल्या वर्षापासून लिहिलंय. रांगेत दोन माणसं असोत की दोनशे, फलक बिचारा ठाम. खाण्याचा स्टॉल कोलांटीच्या तोंडाशी ठेवण्याची कल्पना ज्याची, त्याला एकदा भरल्या पोटी उलटं करून बघावं. आणि भूतबंगल्यातल्या भुताला चपला घालायला देऊ नयेत.

"का?"

"फटक-फटक आवाज येतो ना! घाबरण्याऐवजी माणूस बाजूला होऊन वाट देतो."

आता मात्र हसू जिरलं नाही.

"आणि हे गाणं," त्यानं छतातल्या स्पीकरकडे बोट केलं, "दर चार मिनिटांनी पहिल्यापासून सुरू होतं. रांगेतला माणूस पाच-सहा वेळा ऐकतो आणि सुटतो. तुम्ही?"

दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"एकशे वीस वेळा," ती म्हणाली. "रोज."

"मोजलंत?"

त्यानं ते अशा आदरानं विचारलं, की तिला उगीचच ओढणी नीट करावीशी वाटली. तेवढ्यात काकांनी हिरवा दिवा लावला.

"अकरा मिनिटं झाली," तिनं साखळी काढता काढता सुनावलं.

"दोन वाऱ्याची," तो म्हणाला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

*

तो दर मंगळवारी यायला लागला. म्हणजे आधीपासून येतच होता. तिला दिसायला तेव्हापासून लागला. दातांच्या कवळ्या बनवण्याचं त्याचं काम होतं आणि मंगळवारी दुकान बंद असायचं. "आठवडाभर दुसऱ्यांचे दात बघतो," तो म्हणायचा, "एक दिवस ते किंचाळताना बघायला येतो."

तो नेहमी शेवटच्या रांगेत बसायचा. पहिली रांग फोटोवाल्यांची. खरी गंमत शेवटी, कारण पुढची सगळी गाडी तुम्हाला खेचून खाली नेते, असं त्याचं मत होतं. मतं त्याच्याकडे भरपूर होती.

"तुम्हाला कुठली रांग आवडते?" एकदा त्यानं विचारलं.

"मी बसलेच नाही."

"आज?"

"कधीच."

तो थांबला. "दोन वर्षं रोज... आणि एकदाही नाही?"

"सगळ्यांचे बार मी बघते," ती सहज म्हणाली. "माझा कोण बघणार?"

यावर त्याचं काही मत निघालं नाही. तेच तिला फार आवडलं. मग गाडी आली आणि ती कामाला लागली. पण त्या दिवशी शेवटच्या रांगेतला बार दाबताना तिनं वर बघायचं टाळलं आणि तेही त्याच्या लक्षात आलं असावं... कारण तो खालीच बघत होता.

"पोरी," पॅनेलकाका काचेमागून म्हणाले, "मंगळवारी तू केस वेगळे बांधतेस."

"वारा असतो, काका."

"हो ना. मंगळवारचाच असतो."

*

सातव्या आठवड्यात, बुधवारी, मॅनेजरनी सूचनाफलकावर एक कागद लावला. 'स्टॉपवॉच' नावानं कुणीतरी फोनवर पार्कांबद्दल साप्ताहिक पान लिहायचा. तीन हजार माणसं ते वाचायची आणि मॅनेजर त्यातले एक. या वेळी लिहिलं होतं: 'कोलांटीची गाडी फलाटावर एकशे तीस सेकंद उभी असते. नव्वद पुरेत. एकदा तपासलेला बार पुन्हा तपासण्याची ही कुठली पद्धत? मॅनेजमेंट झोपलंय का?'

मॅनेजमेंट जागं झालं. आणि जागं झालेल्या मॅनेजमेंटची नजर नेहमी सगळ्यात खालच्या पायरीवर पडते. पुढच्या मंगळवारपर्यंत प्रत्येक गेटनं नव्वद सेकंदांत गाडी सोडायची. ज्यांना जमणार नाही त्यांनी पार्किंगला जाऊन टोकनं वाटायची.

तिनं प्रयत्न केला. गुरुवारी तिनं एकदाच दाबून अंगठा वर केला, काकांनी बटणाकडे हात नेला आणि ती ओरडली, "थांबा!" एकशे पस्तीस सेकंद. शुक्रवारी एकशे एकतीस. रविवारी मॅनेजर स्वतः शेजारी उभे राहिले. तरी परत येताना हात आपोआप बारांवर पडत होते. तिला ही नोकरी काही फार थोर वाटत नव्हती. पण दुसऱ्या कुणी एकदाच बार दाबून सोडलेली गाडी उलटी होताना पार्किंगमधून ऐकायची, हे तिला सहन होणार नव्हतं.

मंगळवारी तो आला. तिनं सगळं सांगून टाकलं.

"आज शेवटचा दिवस. उद्यापासून पार्किंग. तो स्टॉपवॉच कोण आहे ना, तो मला एकदा भेटू दे."

"काय... कराल?"

"पहिल्या रांगेत बसवीन आणि गाडी उलटी असताना लाइट जाऊ दे म्हणून हात जोडीन."

"तसं होत नाही. लाइट गेले तरी वेगामुळे गाडी आपोआप—"

"मला माहितीय! बोलू द्या ना माणसाला."

त्यानं हात खिशात घातला. चेहरा उतरला होता. ती मनात म्हणाली, बघा, माझ्यासाठी एवढं वाईट वाटतंय कुणाला तरी.

"मला तुम्हाला एक—" तो म्हणाला, आणि गाडी आली.

कोलांटीत बसताना खिसे रिकामे करून सगळं ट्रेमध्ये ठेवायचं असतं. किल्ल्या, चष्मे, फोन. ती एकेक बार दाबत शेवटच्या रांगेत पोचली. त्याच्या मांडीवरचा बार दाबला. आणि मग तिला दिसलं की त्याची उजवी मूठ बंद आहे. तशी ती नेहमीच असायची. तिला वाटायचं, घाबरत असेल बिचारा.

"मूठ उघडा."

"तुम्ही आधी माझं—"

"उघडा."

तेवीस माणसं माना वळवून बघत होती. त्यानं मूठ उघडली. हातात एक जुनं स्टॉपवॉच होतं आणि काटा फिरत होता.

छतातलं गाणं संपून पहिल्यापासून सुरू झालं.

तिनं हात पुढे केला. घड्याळ उचललं, ट्रेमध्ये ठेवलं. मग पुढच्या रांगांकडे गेली, तिथून वळली आणि रोजच्यासारखी परत आली. एकेक बार. शेवटच्या रांगेत त्याचाही. तिनं तोंड फिरवलेलं होतं, पण हात चुकला नाही.

टक्.

बार खटक्याचा एक दात आणखी खाली गेला. त्यानं दचकून आधी बारकडे, मग तिच्याकडे बघितलं. तिनं अंगठा वर केला.

गाडी परत आली तेव्हा गेटवर काका उभे होते. ट्रे त्यांनीच पुढे केला. "पोरगी कुठाय ते विचारू नका," ते म्हणाले. "मी सांगणार नाही. आणि मला चांगला राग आलाय, हेही कळू द्या."

*

पार्किंगला कुठलंच गाणं नव्हतं. हे एक बरं होतं. बाकी ऊन, धूर आणि हॉर्न. वाऱ्याबरोबर मधूनच कोलांटीवरच्या किंकाळ्या यायच्या आणि त्या सुखरूप संपेपर्यंत ती हातातलं टोकन पुढच्याला द्यायला विसरायची.

शनिवारी खिडकीसमोर तो उभा.

"एक टोकन."

"गाडी कुठाय?"

"बसनं आलो."

"मग टोकन कशाचं?"

"उभं राहायला जागा मिळेल का?"

तिच्या ओठांचा कोपरा हलला, म्हणून तिला स्वतःचाच राग आला. "मागे गाड्या आहेत. बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. नुसताच बाजूला, गेला नाही. दोन तास उन्हात उभा राहिला. मागच्या गाड्या संपल्या तेव्हा पुढे येऊन त्यानं घडी घातलेला कागद खिडकीत सरकवला.

"काल काकांच्या पाया पडून परवानगी मिळवली. नव्या मुलीनं माझ्यासमोर चार गाड्यांचे बार दोनदा दाबले. शहाण्णव माणसं. त्यातल्या अठ्ठावन्न जणांचा बार दुसऱ्या वेळी एक दात खाली गेला."

"आणि मॅनेजर?"

"जेवायला गेले होते."

तिनं कागद उघडला नाही. "यासाठी शहाण्णव माणसं कशाला मोजायची? पहिल्यांदा बार दाबला की माणूस श्वास रोखतो. पोट आत, खांदे वर. मी परत येईपर्यंत त्यानं श्वास सोडलेला असतो. म्हणून परत दाबायचा. साधी गोष्ट आहे."

"हे... हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी? तुम्हीसुद्धा नाही. सात मंगळवार समोर उभे होतात. गाण्याचं विचारलंत, रांगेचं विचारलंत. हे मात्र मोजलंत."

त्यानं दुमडलेली बाही आणखी एकदा दुमडली. मग म्हणाला, "मी कवळी करतो ना... पेशंटच्या तोंडात पहिल्यांदा बसवली की तो तोंड आवळतो. बोलू देतो, पाणी पिऊ देतो आणि मग पुन्हा बसवून बघतो. रोज करतो मी हे. रोज! आणि तुम्हाला बघून मला वाटलं, वेळ वाया जातोय."

"तुम्हाला माहीत होतं ती मीच आहे म्हणून?"

"लिहिताना फक्त सेकंद दिसले. सूचनाफलकावरच्या कागदाचं तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं, की सेकंदांमागे माणूस असतो." त्यानं कागदाकडे बोट केलं. "येत्या बुधवारचं पान आहे. मी आजवर एकही मत मागे घेतलेलं नाही. तुम्ही आधी वाचा. नको म्हणालात तर फाडून टाकीन."

तिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मथळा होता: 'माझी चूक'. श्वासाचं त्यात नव्हतं. तेवढं तिनं पेनानं वर लिहून दिलं.

"आणि एक," तो खिडकीच्या चौकटीवर नखानं रेघ ओढत म्हणाला. "यात न लिहिलेलं. मंगळवारी मी राइडसाठी येत नव्हतो. म्हणजे... आधी येत होतो. शेवटचे सात नाही."

"मग कशासाठी?"

"ते गाणं ऐकायला."

"ते भिकार गाणं?"

"तेच. एकशे वीस वेळा चाललं असतं."

मागे एका गाडीनं हॉर्न दिला. तिनं त्याच्या हातात एक टोकन ठेवलं. "हे घ्या. पुढे जाऊन सावलीत उभे राहा," ती म्हणाली. "सहाला सुटते मी."

*

मॅनेजरनी तेही पान वाचलं आणि तेही फलकावर लावलं. दोन दिवसांनी सगळ्या गेटांसाठी 'दुहेरी दाब पद्धत' जाहीर झाली. ही कल्पना खुद्द मॅनेजरांची असल्याचं खाली लिहिलं होतं. दोनदाला गेटवर परत बोलावलं, बाकीच्यांना शिकवण्यासाठी. प्रतीक्षेचा फलक मात्र अजून वीस मिनिटांवरच होता.

पुढच्या मंगळवारी सकाळी, पार्क उघडायच्या आधी, कोलांटीची रोजची रिकामी फेरी होती. त्या दिवशी ती अगदीच रिकामी नव्हती. शेवटच्या रांगेत दोघं होते. तिचे हात गार पडले होते.

"उतरायचं असेल तर अजून उतरता येईल," तो हळूच म्हणाला.

"बोलू नका माझ्याशी."

तो काही न बोलता वाकला, हातातलं घड्याळ काकांच्या ट्रेमध्ये टाकलं आणि मोकळा तळवा तिच्या बाजूला उताणा ठेवून बसला.

काकांनी दोघांचे बार दाबले. तिनं डोळे मिटले, खांदे वर घेतले. काका पुढच्या रिकाम्या रांगेपर्यंत उगीचच चालत गेले, उगीचच वळले.

"श्वास सोड," तो म्हणाला.

पहिल्यांदाच 'सोड' म्हणाला होता. तिनं सोडला. काकांनी बार पुन्हा दाबला. टक्, असा आवाज झाला. आणि मग तिनं हात त्याच्या तळव्यावर ठेवला, उचलला आणि खात्री करून घेण्यासाठी पुन्हा ठेवला.

काकांनी अंगठा वर केला.