पोपटीवाल्याची मुलगी

दोर नेमका तिच्या हातातल्या ट्रेवर येऊन पडला.

'नीलाक्षी' नावाची ती तीन मजली पांढरीशुभ्र यॉट धरमतरच्या खाडीतून हळूहळू मरीनाला, यॉटच्या खासगी बंदराला, लागत होती. पाहुण्यांसाठी शहाळ्याचं पाणी घेऊन मरीनाच्या डेस्कवरची समीक्षा तरंगत्या धक्क्यावर उभी होती. यॉटवरून फेकलेला दोर धक्क्यावरच्या माणसाऐवजी तिच्याकडे आला, ग्लास आडवे झाले आणि निळ्या कोटावर पाणीच पाणी.

"सॉरी मॅम, रिअली सॉरी…" वरून आवाज आला. मग जरा हळू, स्वतःशीच, "मेलो आता."

"ऐकू आलं," समीक्षा म्हणाली.

कठड्यावरून एक तरुण खाली वाकला. उन्हानं रापलेला चेहरा, पांढरा गणवेश, डोळ्यांत खरीखुरी घाबरगुंडी. "तुम्ही मराठी?"

"मी पण, आणि सांडलेलं शहाळंही."

तो हसला. खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात ते हसू तिच्यापर्यंत आलं, आणि भिजलेल्या कोटातही तिला उगीचच ऊब वाटली.

त्याचं नाव अंबरीश. 'नीलाक्षी'वर तो अधिकारी होता. घर पेणला, आईवडील दोघंही शिक्षक. यॉट हिवाळाभर इथेच मुक्कामाला होती. अशा श्रीमंत यॉटना वीज, पाणी, डिझेल, धोबी, फुलं, अगदी कुत्र्याचा डॉक्टरसुद्धा पुरवायचं काम समीक्षाच्या डेस्कचं होतं. त्यामुळे अंबरीशला डेस्कवर यायला रोज कारण मिळायचं.

"आज काय हवंय नीलाक्षीला?"

"बर्फ."

"सकाळीच पाठवला होता."

"वितळला."

"या थंडीत?"

"मी डेकवर उभा राहून इकडे बघत बसलो… तेवढ्यात वितळला."

समीक्षा कॉम्प्युटरमध्ये बघत राहायची. ओठ मात्र ऐकायचे नाहीत.

एकदा त्यानं सहज विचारलं, "वडील काय करतात?"

"त्यांचा… अ‍ॅग्रीचा बिझनेस आहे. कोलाडच्या बाजूला."

शब्द तोंडातून गेले आणि तिचे कान तापले. खांब गावात तिचा बाबा, पोपट, भात लावायचा, भात निघालं की त्याच खाचरात वाल पेरायचा. त्याला बिझनेस म्हणताना तिला लाज वाटली. शेतकरी म्हणतानाही वाटली असती. नोकरीसाठी ती पेणला खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला गावी जायची. आपण काम करतो ती बोटींची कंपनी तिनं घरच्यांना कधी दाखवली नव्हती. बाबा म्हणायचा, "एकदा ने गो." ती म्हणायची, "नेईन."

जानेवारीत 'नीलाक्षी'च्या मालकीणबाईंना मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी खायची हुक्की आली. मरीनाच्या खरेदी विभागानं कोलाडच्या एका ढाबेवाल्याला, दत्तात्रेयला, फोन लावला. तो म्हणाला, माणूस पाठवतो, त्याच्यासारखी पोपटी कुणाची नाय.

दुपारी काचेचा दरवाजा उघडला आणि बाबा आत आला.

खांद्यावर मडकं, काखेत पोपटीला लागणाऱ्या भामरुडाच्या पाल्याचा भारा. अंगात नवा शर्ट, घड्या अजून तशाच. त्यानं तिला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अगो—"

समीक्षाच्या शेजारी अंबरीश उभा होता. समोर सोफ्यावर पाहुणे होते.

"काका," ती भराभर म्हणाली, "सामानवाल्यांनी मागच्या गेटनं यायचं असतं."

बाबा थांबला. क्षणभर त्याला कळलंच नाही. मग कळलं.

"व्हय मॅडम," तो म्हणाला आणि मडकं सावरत मागे वळला.

"हा पोपटीवाला का?" अंबरीश तिच्या कानाशी वाकला. "त्याला म्हणावं, आधी हात धू, मग मडक्याला लाव. आमच्या बाईसाहेबांना जंतूंची फार भीती."

समीक्षा हसली.

दरवाजा अजून मिटला नव्हता. बाबाची पाठ किंचित ताठ झालेली तिला दिसली.

ऊन उतरल्यावर मरीनाच्या मागच्या मोकळ्या जागेत पोपटी लागली. वालाच्या शेंगा, अंडी, कांदे, बटाटे आणि ओवा घालून बाबानं मडकं पाल्यानं बंद केलं, उपडं ठेवलं आणि भोवती पेंढा पेटवला. धुराला तो ओळखीचा उग्र, गोड वास होता. तो नाकात गेला आणि समीक्षाला भडभडून आलं. पाहुणे बोटं चाटत खात होते. बाबा लांब एका दगडावर बसला होता.

अंबरीश त्याच्यासाठी चहा घेऊन गेला. पाठोपाठ समीक्षाही निघाली होती, पण चार पावलांवर तिचे पाय थबकले.

"झकास झाली पोपटी. घरी कोण कोण तुमच्या?"

"बायको. बायजा. आणि एक पोरगी हाय," बाबा म्हणाला. "लय शिकलेली. मोठ्या ठिकाणी कामाला हाय."

"कुठे?"

बाबानं चहाचा घोट घेतला. अंबरीशच्या मागे समीक्षा उभी आहे हे त्याला दिसत होतं.

"लांब हाय," तो म्हणाला.

तितक्यात मालकीणबाईंनी समीक्षाला हाक मारली. त्यांचं होईपर्यंत बाबा टेम्पोनं निघून गेला होता. उरली होती राख. ती राखेशेजारीच उभी राहिली. अंबरीश जवळ आला.

"काय झालं?"

"ते माझे बाबा. खांबला शेती करतात."

तो विझत आलेल्या निखाऱ्यांकडे बघत राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी त्यांना हात धुवायला सांगितलं."

"आणि मी हसले."

त्यानंतर तो डेस्कवर येईनासा झाला. बर्फ नाही, फुलं नाहीत… यॉटचे निरोप फोनवरून यायचे, तेही दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. समीक्षाला वाटलं, त्याला आपली किळस आली. यायलाच हवी. घरी फोन करायला हात धजत नव्हता. आईचा फोन आला की ती "कामात आहे" म्हणून ठेवून द्यायची आणि मग तोंडावर पाण्याचे हबके मारायची.

शनिवारी तो आला. हातात टोपी, नजर टोपीत.

"तुला वाटलं असेल, मी रागावलोय."

"वाटलं."

"मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. तुला मी… काहीतरी विचारणार होतो. आता विचारायची लायकी नाही." त्यानं टोपी फिरवली. "उद्या खांबला जाऊ या? तू एकटी जाऊन आलीस तर मला नंतर कधीच जाता येणार नाही."

रविवारी सकाळी त्याच्या बाइकवर वडखळचा नाका मागे पडला. हायवेची धूळ, ट्रक, अधूनमधून पिकल्या गवताचा वास. एका खड्ड्याला तिचा हात त्याच्या खांद्यावर गेला… आणि तिथेच राहिला.

बाबा खाचरात शेंगा तोडत होता. दोघांना बघून कंबर सरळ केली.

"ये गो. जेवलीस?"

"बाबा, मी तुला काका म्हटलं."

"व्हय. ऐकलं मी."

"राग आला?"

"राग नाय आला. लाज वाटली."

"माझी?"

"माझीच. वाटलं, पोरीला न विचारता नवा शर्ट घालून मिरवत गेलो." तो हातातली शेंग उगीच सोलत राहिला. "तुझ्या आयशीला सांगितलं, पोरगी भेटली नाय, सुट्टीवर होती."

समीक्षा बांधावर बसली आणि रडली. बाबानं तिला गप्प केलं नाही. शेजारी उकिडवा बसून राहिला.

"लाज मला वाटायला हवी होती," ती म्हणाली. "वाटतेय. जातच नाय."

"वाटू दे थोडी," तो म्हणाला. "जाईल."

अंबरीश पुढे झाला. "काका, हात धुवायला सांगणारा मी."

बाबानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "धुतले होते मी. मडकं भरायच्या आधी मी नेहमीच धुतो."

अंबरीशची मान खाली गेली. "चुकलो, काका."

तेवढ्यात गवताचा भारा घेऊन शेजारची रंभाकाकी बांधावरून आली. थांबून तिनं डोळे बारीक केले. "पोपट, कोण रे हा पोरगा?"

बाबानं समीक्षाकडे बघितलं. अंबरीशनंही बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. 'ऑफिसमधले सर' हे शब्द तयार होते, अगदी तिच्या जिभेच्या टोकावर.

समीक्षानं डोळे पुसले.

"अंबरीश, काकी. पेणचा. मला आवडतो."

"अगो बाय," रंभाकाकी म्हणाली आणि भारा तसाच डोक्यावर घेऊन भराभर गावाकडे निघाली. संध्याकाळपर्यंत खांबात कुणाला कळायचं राहणार नव्हतं.

अंबरीशचे कान लालबुंद झाले होते. बाबानं त्याच्याकडे बघून टोपली पुढे सरकवली.

"मग उभा काय? तोड शेंगा. भरलेल्या बघून तोड."

तो वाकला. समीक्षाही त्याच ओळीत वाकली. वालाच्या पानांत दोघांची डोकी जवळ आली.

"हे तू काकीच्या आधी मला सांगायचंस," तो पुटपुटला.

"तू विचारलंस कुठे?"